कैसराची प्रतिमा आणि ख्रिस्ती माणसाचें घर

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय २२:१५–२२, १ पेत्र २:११–१७, उत्पत्ति ३५:१–४, उत्पत्ति १:२६–२७.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांस परिचयाचा आहे. परूशी व हेरोदी ह्यांचें एरव्हीं एकमेकांशीं पटत नसे. परंतु प्रभूला बोलण्यांत पकडावें म्हणून ते एक होऊन आले, आणि कैसराला कर देणें योग्य आहे कीं नाहीं, असें त्यांनीं विचारलें. प्रभूनें कराचें नाणें मागून घेतलें, व त्यावरील मुख कोणाचें आणि लेख कोणाचा, एवढेंच उलट विचारलें. उपदेश करितांना आपण सहसा प्रभूच्या शेवटल्या उत्तराकडे धांव घेतों. नाण्याकडे पाहण्यास थांबत नाहीं. ह्या पाठांत आपण थांबून पाहणार आहों. राजाचें मुख कोठें कोठें जातें, लोक त्याचें काय काय करितात, आणि अशी प्रतिमा ख्रिस्ती माणसाच्या घरांत आली म्हणजे त्यानें कसें वागावें, हा आजचा विषय आहे. हा विषय केवळ रोमी लोकांचा नाहीं. आपल्या भंडारा जिल्ह्यांतील मंडळ्यांत तो दरवर्षीं कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा राहतो, आणि त्यावरून घरें दुभंगतात.

१. पवनीचा छायास्तंभ

आरंभ दूरदेशापासून नको, आपल्या वैनगंगेपासूनच करूं. पवनीच्या बाजारास आमचे कित्येक वाचक जातात. त्या गांवाचा जुना कोट त्यांनीं पाहिला असेल. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९–७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें ह्यांनीं मिळून उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी हे त्या कामाचे प्रमुख होते. मातीखालून एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. ख्रिस्तजन्मापूर्वीं कित्येक पिढ्या ह्या ठिकाणीं लोक दगड घडवीत होते, दानें देत होते, व दात्यांचीं नांवें दगडावर कोरून ठेवीत होते.

ह्याच पवनीस एक दगडी स्तंभ सांपडला आहे. त्यावरील ब्राह्मी अक्षरांतला प्राकृत लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं वाचून प्रसिद्ध केला. महाक्षत्रप कुमार रूपियम्म नांवाच्या एका अधिपतीच्या स्मरणार्थ तो स्तंभ उभारलेला आहे. क्षत्रप ही पदवी मूळची इराणकडची. ती धारण करणारे राजे पश्चिम हिंदुस्थानांत इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत राज्य करीत होते. ह्या लेखांत स्तंभाला जो शब्द योजिला आहे तो ध्यानांत धरण्याजोगा आहे. त्याला छायास्तंभ म्हटलें आहे. छाया म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे प्रतिरूपही. मनुष्य गेला, त्याचा अधिकार गेला; निदान त्याची सावली तरी ह्या भूमीवर राहो, असा त्या शब्दाचा भाव आहे.

ह्या इच्छेंत मुळांत पाप नाहीं. आपल्या बापाची आठवण राहावी असें कोणास वाटत नाहीं? परंतु सावली ही सावलीच असते. तिच्याजवळ स्मरण करावें. तिच्याजवळ मागणें मागूं नये. हा भेद मनांत ठेवून पुढें चलूं.

२. कैसराचें मुख महाराष्ट्रांत येतें

पवनीस दगड कोरले जात होते त्या काळांत पश्चिमेस रोमी लोकांचें साम्राज्य पसरलें होतें. त्यांच्या प्रजेंतील व्यापारी पावसाळी वाऱ्यांचा आधार घेऊन तांबड्या समुद्रांतून आपल्या किनाऱ्यास येत. त्या काळच्या एका ग्रीक भाषेंतील प्रवासपुस्तकांत पैठण व तगर ह्या दोन नगरांचीं नांवें आहेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेथून माल गाड्यांवर घालून भडोच बंदरास नेत. मालाच्या मोबदल्यांत रोमी लोक इतर वस्तूंबरोबर सोन्यारुप्याचीं नाणींही देत, आणि प्रत्येक नाण्यावर कैसराचें मुख असे. अशा रीतीनें ज्या मुखाविषयीं यरुशलेमांत प्रभूला प्रश्न विचारला गेला, तें मुख आपल्या ह्या दख्खन देशांत बैलगाडीच्या वाटेनें येऊन पोंहोंचलें.

येथें त्याचें काय झालें? तेर येथें मातीच्या लहान मुद्रा सांपडल्या आहेत. रोमी नाण्याचा ठसा पाहून त्या घडविलेल्या आहेत. तेलंगणांतील कोंडापूर येथेंही कैसर तिबिर्य ह्याच्या नाण्यावरून केलेल्या अशा मुद्रा मिळाल्या आहेत. अशा कित्येक मुद्रांना दोरा ओंवण्यासाठीं भोंक किंवा कडी असते. ज्याला सोन्याचें नाणें परवडत नसे त्यानें मातीचें करून गळ्यांत घातलें! पलेस्तिनांत जें मुख पाहून यहूदी मनुष्य दांत ओठ खाई, तेंच येथें हौसेचा दागिना होऊन बसलें. लेख वाचतां येत नव्हता, राजा ठाऊक नव्हता. परदेशची वस्तु म्हणून तिला मान.

ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या वृद्ध वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या आजीच्या गळ्यांत राणीछाप रुपयांची माळ पाहिली असेल. व्हिक्टोरिया राणीचें मुख त्या रुपयावर होतें. आजीनें राणीची भक्ति केली नाहीं, राणीशीं वैरही धरलें नाहीं. रुपें चांगलें म्हणून माळ केली, आणि दुष्काळांत ती मोडून ज्वारी घेतली. एकच मुख, परंतु कोणाला तो कर, कोणाला दागिना, तर कोणाला अडचणीच्या वेळचें अन्न. मुख तेंच असतें. माणूस त्याला काय अर्पण करितो त्यावर सर्व अवलंबून आहे.

केवळ नाणींच आलीं असें नव्हे. कोल्हापूर येथें पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे हं. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित ह्यांनीं तेथें १९४५–४६ सालीं उत्खनन केलें. ह्या टेकडीवरील सातवाहनांच्या काळच्या वस्तींत कांशाच्या वस्तूंचा एक सांठा मिळाला आहे. त्यांत देशी भांडीं होतीं, आणि त्यांच्यासोबत रोमी घडणीचे जिन्नसही होते. त्यांपैकीं रोमी लोकांच्या समुद्रदेवाची लहानशी मूर्ति सर्वांत प्रसिद्ध आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, एका घरांतल्या भांड्याकुंड्यांबरोबर तो समुद्राचा देव पडून राहिला. प्रतिमा माणसाच्या मागोमाग कोठवर जाते पाहा.

३. त्या नाण्यावर काय लिहिलें होतें

प्रभूनें दोन गोष्टी विचारल्या : मुख कोणाचें, आणि लेख कोणाचा. लेखाचें महत्त्व मोठें आहे. प्रभु पृथ्वीवर सेवा करीत होता तेव्हां तिबिर्य हा कैसर होता, त्यानें इ. स. १४ पासून ३७ पर्यंत राज्य केलें. तें नाणें त्याच्याच रुपेरी दीनारांपैकीं असावें, असें बहुतेक पंडित मानतात. त्या दीनाराच्या एका बाजूस कैसराचें मुख असून त्याभोंवतीं, हा देवपद पावलेल्या औगुस्ताचा पुत्र, अशा अर्थाचा लेख आहे; दुसऱ्या बाजूस त्याला मुख्य याजक म्हटलें आहे. आतां प्रभूच्या प्रश्नाची धार ध्यानांत येईल. जो खरोखर देवाचा पुत्र व आपला मुख्य याजक, त्याच्यापुढें मंदिराच्या अंगणांत लोकांनीं तें नाणें धरिलें! प्रभूनें तें फेंकून दिलें नाहीं, त्याजवर थुंकलाही नाहीं. रुपें ज्याचें त्यास परत करा असें त्यानें सांगितलें. आणि लेखांत जी पदवी चोरली होती ती मात्र कैसराला दिली नाहीं.

नाण्याबरोबर कैसराचे पुतळेही प्रांतोप्रांतीं जात. रोमांत बादशहाचा एक मान्य नमुना घडविला जाई. त्यावरून कारागीर संगमरवरांत नकला करीत. कपाळावरील केसांच्या बटा कोणत्या बाजूस वळल्या आहेत हेंसुद्धां ते नमुन्याबरहुकूम उतरवीत. म्हणूनच आजचे विद्वान नांव नसलेला पुतळा सांपडला कीं त्याचें मुख नाण्यांवरील मुखाशीं ताडून पाहतात. कारण नाण्यावर मुखाबरोबर नांवही असतें. एखादा बादशहा मारला गेला व लोकांच्या शिव्यांचा धनी झाला, कीं त्याच्या पुतळ्यांचीं डोकीं फोडीत, किंवा त्याच दगडाला टांकी लावून नव्या बादशहाचें तोंड कोरीत. दोमितियान इ. स. ९६ मध्यें मारला गेला, तेव्हां त्याच्या कित्येक मुखांचीं असेंच करून त्याच्यामागून आलेल्या नर्व्हाचीं मुखें केलीं. ज्या दगडापुढें काल लोक वांकत होते, त्याचें नाक आज दुसऱ्याचें झालें. राजांच्या प्रतिमेवर भरंवसा ठेवणाऱ्यानें हें विसरूं नये.

आमच्या पूर्वीच्या ख्रिस्ती बंधूंना ह्या प्रतिमांनीं मोठ्या कसोटीस लाविलें. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नांवाचा रोमी सुभेदार पंत व बिथुनिया ह्या प्रांतावर होता. ख्रिस्ती म्हणून कोणास पकडून आणिलें, कीं तो त्याला विचारी. आपण ख्रिस्ती नाहीं असें जो म्हणे, त्याच्यापुढें देवांच्या मूर्तींबरोबर बादशहाची प्रतिमा मांडीत. तीपुढें धूप जाळून द्राक्षारस ओतावा, व ख्रिस्ताला शिव्या द्याव्या, म्हणजे सुटका. खरे ख्रिस्ती असतात त्यांजकडून ह्यांपैकीं कांहीं करवून घेतां येत नाहीं, असें आपण ऐकिलें आहे, अशा आशयाचें त्यानें स्वतःच बादशहा त्राजान ह्याला लिहून कळविलें. हें पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोकांविषयींची ही साक्ष त्यांच्या मित्रानें नव्हे, त्यांच्या न्यायाधीशानें दिलेली आहे.

आतां पेत्राच्या पहिल्या पत्राचें पहिलें वचन उघडून पाहा. तें पत्र कोणास लिहिलें आहे? पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया येथील विश्वासणाऱ्यांस. ह्याच लोकांस पेत्रानें दुसऱ्या अध्यायांत राजाचा मान राखण्यास शिकविलें आहे. म्हणजे ज्या मंडळ्यांना राजाचा मान राखण्याची आज्ञा मिळाली, त्याच मंडळ्यांनीं पुढें राजाच्या प्रतिमेला धूप घालण्याचें नाकारून मरण पत्करिलें. दोन्ही गोष्टी त्यांनीं एकाच पत्रावरून शिकल्या. कर दिला, मान दिला, राजासाठीं प्रार्थना केली. धूप मात्र दिला नाहीं. मान व पूजा ह्यांतील हा भेद त्यांनीं जीव देऊन राखिला. आपण तो आळसानें पुसून टाकूं नये.

४. दोन मजल्यांचें घर

आतां एका घराची हकीकत ऐका. इंग्लंड देश एके काळीं रोमी साम्राज्याचा अगदीं टोंकाचा प्रांत होता. तेथें केंट परगण्यांत डॅरेंट नावाच्या लहान नदीच्या कांठीं ललिंगस्टन येथें एका रोमकालीन श्रीमंत शेतकऱ्याचा वाडा जमिनीखालीं गाडलेला होता. १९४९ सालीं त्याचें उत्खनन सुरू झालें, आणि त्याच वर्षीं वाड्याच्या तळघरांत संगमरवराचे दोन अर्धपुतळे सांपडले. छातीपर्यंतचे, दाढी असलेल्या पुरुषांचे हे पुतळे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतले आहेत. आज ते लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. हे घरमालकाचे पूर्वज असावेत असें पूर्वीं मानीत. अलीकडे कांहीं विद्वानांनीं असें मत दिलें आहे कीं, त्यांपैकीं एक पर्तिनाक्स ह्याचा व दुसरा त्याच्या बापाचा असावा. पर्तिनाक्स हा त्या प्रांताचा सुभेदार होता, व पुढें इ. स. १९३ मध्यें रोमाचा बादशहा झाला. त्याचें राज्य तीन महिनेही टिकलें नाहीं. त्याच्याच पहारेकऱ्यांनीं त्याला ठार मारिलें.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस हे पुतळे तळघरांत ठेवण्यांत आले, आणि त्यांच्यापुढें जमिनींत मडकीं बसविलीं गेलीं. हीं मडकीं नैवेद्यासाठीं होतीं असें उत्खनन करणाऱ्यांचें मत आहे. मृत पुरुषांच्या प्रतिमा, त्यांपुढें अर्पणाचीं भांडीं, आणि अंधारी खोली : आपल्या वाचकांस ह्याचें वर्णन अधिक करून सांगण्याचें कारण नाहीं.

पुढें काळ पालटला. ३१३ सालीं कन्स्टंटाइन बादशहाच्या अमदानींत ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत ललिंगस्टनच्या त्या घरचीं माणसें ख्रिस्ती झालीं, आणि नेमकी त्या तळघराच्या वरची खोली त्यांनीं प्रार्थनेसाठीं राखून ठेविली. तिच्या भिंतींवर त्यांनीं चित्रें काढविलीं. एका भिंतीवर हात पसरून प्रार्थना करणाऱ्या सहा व्यक्ति उभ्या आहेत; दुसरीकडे फुलापानांच्या वेढ्यांत ख्रिस्त ह्या नांवाचीं पहिलीं दोन ग्रीक अक्षरें एकमेकांत गुंफलेलीं असून त्यांच्या बाजूंस अल्फा व ओमेगा आहेत. त्या देशांतील ख्रिस्ती उपासनेच्या अत्यंत जुन्या जागांपैकीं ही एक आहे.

परंतु खालचें तळघर? तेथील पुतळे हलविले गेले नाहींत. आणि वर प्रार्थना सुरू झाल्यावरही खालीं अर्पणें करणें कांहीं काळ चालू राहिलें असावें, असें तेथें मिळालेल्या खुणांवरून विद्वानांस वाटतें. वरच्या मजल्यावर ख्रिस्ताचें नांव, आणि त्याच जमिनीखालीं पूर्वजांस नैवेद्य! पांचव्या शतकांत तो वाडा आगींत जळाला. वरची जमीन कोसळली, आणि ख्रिस्ताचें नांव असलेल्या भिंतीच्या गिलाव्याचे हजारों तुकडे खालच्या तळघरांत पडले. चौदाशें वर्षांहून अधिक काळ वरचा मजला व खालचा मजला एकाच ढिगाऱ्यांत मिसळून पडले होते. विद्वानांनीं तो एकेक तुकडा वेंचून जुळविला, म्हणून आज ती भिंत आपणांस पाहावयास मिळते.

ह्या घराला दोष देण्याची घाई करूं नये. खालीं जाणारा व वर जाणारा एकच मनुष्य होता असें कोण म्हणेल? कदाचित् मुलगा वर प्रार्थना करीत असेल, आणि म्हातारी आई खालीं आपल्या धन्याच्या बापापुढें दूध ठेवीत असेल. एका घरांत दोन मतें असणें ही त्या घराची लाज नव्हे. तें दुःख आहे, आणि पौलानें करिंथकरांस लिहितांना ह्या दुःखाचा विचार केला आहे (१ करिंथ ७:१२–१६). परंतु एकाच माणसाच्या हृदयांत दोन मजले असले, तर मात्र ती गोष्ट निराळी.

५. आपल्या घराचा विचार

आतां आपल्या दाराशीं येऊं. एखादें कुटुंब बाप्तिस्मा घेतें. घरांत देव्हारा असतो, मातामायेच्या नांवानें पुजलेला दगड असतो, भिंतीवर वारलेल्या आज्याची हार घातलेली तसबीर असते. त्या तसबिरीला दररोज उदबत्ती लावितात. उपदेशक येतो, आणि सर्व कांहीं आजच बाहेर काढा म्हणून सांगतो. घरांतली सासू बाप्तिस्मा घ्यावयाची असते. ती रडूं लागते. दोन रविवार कोणी उपासनेस येत नाहीं, आणि तिसऱ्या रविवारीं मंडळींत बातमी पसरते कीं, तें कुटुंब मागें फिरलें. अशीं कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. तीं तसबिरीसाठीं गेलीं नाहींत. आपल्या आज्याचा अपमान झाला म्हणून गेलीं.

ह्यास्तव आम्ही उपदेशक बंधूंस चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट : प्रतिमा कोणाची आहे हें विचारण्याआधीं, तिला काय दिलें जातें हें विचारा. आज्याची तसबीर भिंतीवर असूं द्यावी. तो कोणत्या सालीं ह्या गांवांत आला, त्यानें कोणतें शेत कसलें, हें मुलांस सांगावें. परंतु तिला उदबत्ती, नैवेद्य व नवस देऊं नयेत. तसबीर काढण्याची आज्ञा करण्यापेक्षां उदबत्ती कां थांबवावी हें समजावून सांगणें कठीण आहे, परंतु तेंच उपदेशकाचें काम आहे. हाच नियम पुढाऱ्यांच्या तसबिरींसही लागू आहे. आपल्या नोटेवर महात्मा गांधींचें चित्र व अशोकाचे सिंह आहेत. शाळेंत व कचेरींत थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, व त्यांच्या जयंतीस सभा भरतात. तेथें ख्रिस्ती मनुष्यानें आदरानें उभें राहावें, कर चुकवूं नये, अधिकाऱ्यांसाठीं प्रार्थना करावी. ह्यांत त्याच्या विश्वासाला बाध येत नाहीं.

दुसरी गोष्ट : ज्या वस्तूची खरोखर पूजा होत होती, ती घरांत दडवून ठेवूं नये. राहेलीनें आपल्या बापाचे गृहदेव उंटाच्या खोगिरांत लपविले, ही गोष्ट उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायांत आहे. पुढें ३५ व्या अध्यायांत याकोबानें घरच्या सर्व मंडळीस परके देव टाकून देण्यास सांगितलें, तेव्हां त्यांनीं ते देव, आणि कानांतलीं कुंडलेंही, स्वखुषीनें त्याच्या हातीं दिलीं, व त्यानें तीं शखेमाजवळच्या झाडाखालीं पुरून टाकिलीं. त्यानें कोणाच्या पेटीचें कुलूप फोडिलें नाहीं. आधीं त्यानें घरच्यांस आपल्या संकटाच्या दिवशीं देवानें कसें ऐकिलें हें सांगितलें. मग त्यांनीं आपण होऊन दिलें. उपदेशकानें हाच क्रम धरावा. आणि ज्या वस्तु घरांतील बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाच्या आहेत, त्यांना हात लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

तिसरी गोष्ट : शेतांत, विहिरींत किंवा पडक्या देवळांत सांपडलेली जुनी मूर्ति, नाणें अथवा कोरीव दगड फोडूं नये, व विकूंही नये. आपण त्याची पूजा करीत नाहीं म्हणून त्याचा नाश करण्याची परवानगी आपणांस मिळत नाहीं. तो ह्या देशाच्या सर्व लोकांचा इतिहास आहे, आणि दुसऱ्याच्या भावनेचाही प्रश्न आहे. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें जमिनींत दडलेलें धन सांपडलें, तर कलेक्टरास कळविणें हें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. पवनीचा स्तंभ कोणी घराच्या पायांत घालून बुजविला असता, तर रूपियम्माचें नांव आज कोणास कळलें असतें? नागपूरचे पहिले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे शुभवर्तमान सांगत फिरतांना ह्या प्रांतांतले दगड व जुनीं स्थळेंही अभ्यासीत. टाकळघाटजवळचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना १८६३ च्या सप्टेंबरांत नाल्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. देवाच्या वचनावर प्रेम करणाऱ्यानें ह्या भूमीच्या जुन्या गोष्टींचा तिरस्कार केला पाहिजे असें नाहीं.

चौथी गोष्ट : तळघराचा शोध प्रत्येकानें आपल्या अंतःकरणांत घ्यावा. भिंतीवर वचन टांगलेलें आहे, परंतु मूल तापानें फणफणलें म्हणजे रात्रीं कोणास न कळत गंडा बांधून आणितों काय? मंडळींत भाऊ म्हणतों, परंतु सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारतों काय? हीं तळघरांतलीं मडकीं आहेत. तीं कोणा पाहुण्याला दिसत नाहींत. घर जळेल त्या दिवशीं दिसतील.

६. देवाची प्रतिमा कोठें आहे

शेवटीं प्रभूच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग घेऊं. कैसराचें कैसराला देण्यास सांगून प्रभु थांबला नाहीं. देवाचें देवाला द्यावें असेंही त्यानें सांगितलें. नाण्यावर कैसराचें मुख, म्हणून नाणें कैसराचें. मग देवाचें मुख कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत ह्याचें उत्तर आहे. देवानें मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा असा उत्पन्न केला. नर व नारी दोघांसही. राजाला नाहीं, याजकाला नाहीं, कोणा एका जातीला नाहीं; मनुष्याला.

आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ लोक आहेत कीं, ज्यांच्या वाडवडिलांच्या मुखाकडे गांवानें कधीं सरळ पाहिलें नाहीं. त्यांची सावलीही पडूं नये म्हणून त्यांस दूर उभें करीत. क्षत्रपाच्या सावलीसाठीं पवनीस दगडी स्तंभ उभा राहिला, आणि त्याच भूमीवर गरिबाची सावली विटाळ ठरली! ह्या दोहोंमध्यें देवाची प्रतिमा कोठें अधिक होती? पुष्कळ हातांतून गेलेलें नाणें झिजतें, त्यावरचें मुख पुसट होतें, बाजारांतला वाणी तें दोन बोटांत धरून बाजूस सारितो. परंतु टांकसाळीच्या धन्याला आपला शिक्का ओळखूं येतो. मजुरीनें वांकलेली विधवा, कर्जांत बुडालेला धानकरी, शाळेंतून काढलेलें पोर, हीं देवाचीं झिजलेलीं नाणीं आहेत. त्यांचें मोल कमी झालें नाहीं. प्रभु आला तो तीं वेंचून घेण्यास आला.

म्हणून करांत कमी करूं नका, मानांत कमी करूं नका, वडिलांचें स्मरण सोडूं नका. परंतु स्वतःला, आपल्या मुलांना, आपल्या रात्रीच्या भयाला व सकाळच्या आशेला दुसऱ्या कोणाच्या प्रतिमेपुढें ठेवूं नका. ज्याचें मुख तुमच्यावर आहे, त्यालाच तें सर्व द्या.

रविवारच्या वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. प्रभूनें नाण्याच्या मुखाबरोबर लेखाविषयीं कां विचारलें? तिबिर्याच्या नाण्यावरील लेखांत कोणत्या दोन पदव्या होत्या, व त्या खऱ्या कोणाच्या आहेत?

२. बिथुनियांतील ख्रिस्ती लोकांनीं राजाला काय दिलें व काय नाकारिलें?

३. आपल्या घरांत कोणत्या प्रतिमा आहेत? प्रत्येकीला आपण काय देतों?

४. याकोबाच्या घरच्यांनीं परके देव कसे दिले? आपल्या मंडळींत नवीन आलेल्या कुटुंबाशीं बोलतांना ह्यावरून काय शिकावें?

५. आपल्या गांवांत ज्याचें मुख कोणी पाहत नाहीं अशा एका माणसाचें नांव मनांत आणा. ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं जाऊन या.